विज्ञान घ्यायचं, पण विचारांचं काय? इक्बाल, मौदूदी आणि जुनं हैदराबाद

आजचा प्रश्न असा: पश्चिमेकडून आधुनिक विज्ञान आलं, सोबत नवं तत्त्वज्ञानही आलं. इस्लामी विचारवंतांनी त्याला काय उत्तर दिलं? विषय लांबचा वाटेल. पण आमचं हिंगोली 1948पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं, आणि हा वाद त्याच संस्थानात रंगला होता.

पहिलं उत्तर भाषेचं. 1918 साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं. तिथं विज्ञानसुद्धा उर्दूत शिकवायचं ठरलं. त्यासाठी 'दारुल तर्जुमा' हे भाषांतराचं खातं काढलं, नवे पारिभाषिक शब्द घडवले. ज्ञान परकं नसतं, ते आपल्या भाषेत बसवता येतं, ही त्यामागची भूमिका. मात्र आपल्याकडच्या मराठी पोरांना ते उर्दूतूनच शिकावं लागे, हेही खरंच.

दुसरं उत्तर इक्बाल यांचं. केंब्रिज आणि म्युनिकला शिकलेल्या या कवीनं 1929 साली मद्रासनंतर हैदराबादेतही इंग्रजीत व्याख्यानं दिली. त्यांत आईन्स्टाईन आहे, बर्गसाँ आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: निसर्गाचं निरीक्षण करा, असं कुराणच सांगतं. त्यामुळं विज्ञानाला घाबरायचं कारण नाही. उलट इज्तिहाद, म्हणजे स्वतःच्या बुद्धीनं धर्माचा नव्यानं अर्थ लावणं, पुन्हा सुरू करा.

तिसरं मौदूदींचं. जन्म 1903, आपल्या औरंगाबादेत. 1930च्या दशकात ते हैदराबादहून 'तर्जुमानुल कुरआन' मासिक चालवत. त्यांचा मुद्दा: विज्ञानाची तथ्यं घ्या, पण पश्चिमेनं त्यांना चिकटवलेली निरीश्वरवादी दृष्टी नको. अंतिम अधिकार ईश्वरी आदेशाचा, कायद्यातसुद्धा.

आमच्या कोडिंगच्या भाषेत सांगायचं तर लायब्ररी हवी, पण तिच्या डिपेन्डन्सी नकोत. इथंच मला अडचण दिसते. शंका घेणं, पुरावा मागणं ही विज्ञानाची डिपेन्डन्सीच आहे. ती काढली की कोड चालेल कसा?

हाच धागा पुढं मराठीत हमीद दलवाईंनी पकडला. 1970 साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढताना त्यांनी नाव फुल्यांच्या परंपरेतलं घेतलं आणि कायद्याचा प्रश्न माणसांच्या समतेवर तपासला.

आणि हा प्रश्न फक्त मुसलमानांचा नाही बरं का. नव्या सर्व्हरपुढं नारळ फोडणारे आपणही त्याच रांगेत उभे आहोत.