फोटोबरोबर तारीखही पाठवा

पाऊस लागला की माझ्या फोनवर सड्याचे फोटो येऊ लागतात. राजापूर तालुक्यातल्या एका शाखा डाकघरात मी काम करते. बटवड्याची माझी वाट रोज एका सड्यावरून जाते. तिथली फुलं, पाखरं, किडे यांचे फोटो मी काढते, हे आता आजूबाजूच्या वाड्यांना ठाऊक झालंय. त्यामुळे कुणाला काही वेगळं दिसलं की फोटो माझ्याकडे. खाली एवढंच लिहिलेलं असतं, ‘ताई, हे काय?’ फोटो सुरेख असतो. पण तो कधी काढला, कुठल्या सड्यावर काढला, रोप पाण्यात होतं की भेगेत, यातलं काही कळत नाही. बरेचदा तो पाठवणाऱ्याने काढलेलाही नसतो, दुसऱ्या कुठल्या तरी ग्रुपवरून आलेला असतो.

पत्ता नसलेलं आणि तारखेचा शिक्का न उमटलेलं पाकीट हातात आलं की मला जसं होतं, तसंच या फोटोंचं होतं. आत काहीतरी मोलाचं आहे हे दिसतं, पण ते पोचवायचं कुठे?

सडा म्हणजे जांभ्या दगडाचं सपाट पठार. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात असे सडे मैलोन्‌मैल पसरलेत. कशेळी, देवी हसोळ, बारसू इथल्या कातळशिल्पांमुळे अलीकडे बाहेरची माणसं सड्यावर यायला लागली, नाहीतर गुराख्यांखेरीज तिथे कुणाचं काही काम नसायचं. मे महिन्यात तिथे अनवाणी उभं राहवत नाही. माती जेमतेम बोटभर, तीही खळग्यांत आणि भेगांत. सात-बाऱ्यावर ही जमीन पोटखराब्यात जाते, म्हणजे लागवडीला निरुपयोगी. मग कुणी चिरेखाण काढतो, कुणी सुरुंग लावून खड्डे फोडतो आणि बाहेरची माती भरून हापूसची कलमं लावतो. मी कुणाला नावं ठेवत नाही. माझं घरही चिऱ्याचंच आहे. पण तिथे काय जगतं हे कुणी पाहिलंच नाही आणि सडा संपला, हे मला सहन होत नाही. पाहिल्याचा पुरावा हवा. तो तयार करायला मोबाइल पुरतो.

पहिल्या दोन-चार सरींनंतर करपलेल्या कातळाच्या भेगांतून दिपकाडीचे दांडे वर येतात. पांढऱ्या फुलांची ही कंदवर्गीय वनस्पती कोकण सोडून दुसरीकडे रानात मिळत नाही. तिच्या शास्त्रीय नावातच कोकण आहे, ‘दिपकाडी कोंकनेन्स’. तिचा हंगाम लवकर उरकतो. जुलैत पाऊस धो धो कोसळत असताना सडा हिरवा दिसतो, पण फुलं त्या मानाने कमी. ऑगस्टात पाऊस जरा उघडीप देऊ लागला की सगळं एकदम सुरू होतं. पाणी झिरपणाऱ्या उतारावर सीतेच्या आसवांचा जांभळा पट्टा उठतो. कडेने गेंदाची पांढरी गोल डोकी आणि जरा रेताड जागी दवबिंदूची लालसर रोपं.

सीतेची आसवं एकदा पोटावर पडून बघावीत. प्लास्टिकची पिशवी अंथरायची, कोपर टेकायचे, फोन जमिनीच्या पातळीवर आणायचा. फूल करंगळीच्या नखाएवढं. खालचा ओठ पसरट, मागे टोकदार शेपटी. पानं शोधूनही धड दिसत नाहीत आणि खरी मुळं नसतातच. चिखलात मिलिमीटरभराच्या फुग्यांसारख्या पिशव्या असतात. पिशवीच्या तोंडावरच्या केसांना एखाद्या सूक्ष्म जीवाचा धक्का लागला की झडप उघडते, पाणी आत ओढलं जातं आणि त्याबरोबर तो जीवही. पापणी लवायच्या आत हे उरकतं. सड्यावरच्या पातळ मातीत नायट्रोजन फारच कमी असतो, ती कमतरता हे रोप शिकार करून भागवतं. दवबिंदूचंही तसंच, फक्त तो पानावरच्या चिकट थेंबांनी किडे धरतो. पोटखराब्यातल्या मातीत जगायला या वनस्पतींनी एवढी युक्ती काढलीय, ती मी ज्यांना ज्यांना दाखवली त्यांनी सड्यावरून चालताना खाली बघायला सुरुवात केली.

फोटो काढताना मात्र फुलाच्या चेहऱ्यावर थांबून भागत नाही. गेंदाचंच बघा. सड्यावर त्याच्या कितीतरी जाती एका डबक्याभोवती असू शकतात आणि वरून त्या जवळजवळ सारख्याच दिसतात. जाणकारांना त्यांचं बी सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. म्हणून एका रोपाचे निदान चार फोटो काढावेत: फूल समोरून, फूल बाजूने, पानं आणि देठ, आणि थोडं मागे सरून सगळी जागा. चौथा फोटो बहुतेक जण काढत नाहीत. मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण रोप पाण्यात उभं आहे की ओल्या दगडावर, शेजारी कोण आहे, हे त्यातच कळतं. जांभळा रंग मोबाइलमध्ये पुष्कळदा निळा उतरतो, तेव्हा डोळ्यांना दिसलेला रंग लिहून ठेवावा. एखादं नाणं बाजूला ठेवलं की आकाराचा अंदाज येतो. दगड उचलून खाली कोण आहे ते बघायचा मोह टाळावा. रत्नागिरी जिल्हा फुरशांचा आहे, आणि त्या दगडाखाली ज्याचं घर असतं त्याच्यासाठी दगड इंचभर हलणंही पुष्कळ असतं.

तारीख आणि जागा यांच्यासाठी मी इतकी का अडून बसते, ते सांगायला एका घुबडाची गोष्ट सांगायला हवी. रानपिंगळ्याची ओळख शास्त्राला 1873 साली ॲलन ह्यूम यांनी करून दिली. जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने खानदेशात त्याचे काही नमुने गोळा केले. 1884 नंतर मात्र पक्षी कुणाला दिसला नाही. संग्रहालयात एकच नमुना त्यानंतरचा होता: 1914 सालचा, गुजरातेतल्या मांडवीचा, रिचर्ड माइनर्ट्झहागेन या नामांकित लष्करी अधिकाऱ्याचा. पुढे पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी छडा लावला, तेव्हा कळलं की तो नमुना मुळात डेव्हिडसनचाच होता. तो संग्रहालयातून चोरून, नव्याने भरून, त्यावर खोटी तारीख आणि खोटं गाव लिहिलेलं होतं. ती खोटी नोंद बाजूला सारून जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागा धरून शोध घेतला गेला आणि नोव्हेंबर 1997 मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला. 113 वर्षांनी! पुढे तो मेळघाटात सापडला, ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यातही सापडला. पक्षी आपल्या जागी होता. त्याच्यापर्यंत पोचवलं ते कुणीतरी प्रामाणिकपणे लिहिलेल्या गावाच्या नावाने.

आता चिठ्ठीचं काम फोन करतो. लोकेशन चालू असेल तर फोटोच्या पोटातच तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांश साठतात. पण व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की ही माहिती गळून पडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर टिकते. मी लोकांना हीच गोष्ट पहिल्यांदा शिकवते.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे ‘आयनॅचरलिस्ट’सारखं ॲप. 2008 साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमाचा प्रकल्प म्हणून ते सुरू केलं. तुम्ही फोटो चढवायचा, ओळख जमेल तेवढी लिहायची. ‘एक गेंद’ एवढंही चालतं. मग कुठल्या तरी गावातला, कुठल्या तरी देशातला जाणकार ती तपासतो, दुरुस्त करतो. ओळख पटवणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून जास्त लोकांचं जातीपर्यंत एकमत झालं, आणि तारीख, जागा व पुरावा असला, की ती नोंद संशोधनाच्या दर्जाची ठरते. पक्ष्यांसाठी ‘ईबर्ड’ आहे, आपल्याकडच्या सगळ्याच जीवांसाठी ‘इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल’ आहे. अनोळखी माणूस आपला अंधूक फोटो वेळ काढून बघतो आणि ‘पानाच्या कडेचे केस बघ’ असं लिहितो, यात मला फार मोठा आनंद आहे. माझं वनस्पतिशास्त्र बारावीला सुटलं होतं, ते अशा माणसांनी पुन्हा सुरू करून दिलं. घरी मात्र श्रीकांत इंगळहळीकरांचं ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ हाताशी लागतंच. पुस्तक चाळताना शेजारचं फूलही दिसतं, ॲपमध्ये ते होत नाही.

जागा लिहा म्हणते, पण ती सगळ्यांना दाखवू नका, असंही मला सांगायचंय. 1999 साली दक्षिण चीनमधल्या एका सुंदर पालीची नवी जात म्हणून नोंद प्रसिद्ध झाली, आणि पाळीव प्राण्यांच्या व्यापारासाठी पकडणाऱ्यांनी ती मूळ जागेवरून संपवली. त्यानंतर तिच्या नात्यातल्या जातींचं वर्णन करताना शास्त्रज्ञ ठिकाण गाळू लागले. आपल्याकडची कंदीलपुष्पं, दुर्मिळ आमरी, घुबडं यांनाही हाच धोका आहे. आयनॅचरलिस्टवर धोक्यातल्या जातींची जागा आपोआप साधारण वीस-बावीस किलोमीटरच्या चौकोनात धूसर होते आणि आपल्याला हवं तेव्हा आपणही ती धूसर करू शकतो. खरी जागा नोंदीत राहते, फक्त नकाशावर दिसत नाही. फेसबुकवर टाकताना तालुका पुरे.

घरट्यांच्या बाबतीत मी त्याहून कडक आहे. टिटवी आणि रातवा सड्यावर उघड्या दगडांतच अंडी घालतात. एप्रिल-मेच्या उन्हात टिटवी डबक्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि अंड्यांवर बसून ती थंड ठेवते. आपण फोटोसाठी तिथे घुटमळलो की ती लांबून ओरडत राहते आणि अंडी उन्हात भाजत राहतात. कुणी मला अशा घरट्याचा फोटो पाठवला तर मी तो पुढे पाठवत नाही, आणि का पाठवत नाही ते त्याला फोन करून सांगते.

हे सगळं इंटरनेटवर जाऊन थांबलं असतं तर मला पुरेसं वाटलं नसतं. डाकघरात पासबुक भरायला आलेल्या माणसांना मी फोटो दाखवते. एका काकींनी दवबिंदूचा फोटो बघून लगेच सांगितलं, ‘हा पाणी आटायला लागलं की लाल होतो. गुरं याला तोंड लावत नाहीत.’ हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. आता मी त्यावर नजर ठेवते, पाणी असताना एक फोटो, आटताना एक. गुराख्यांना विचारलं तर कुठलं डबकं किती दिवस टिकतं, कुठलं गवत आधी वाळतं, हे तोंडपाठ असतं. त्यांचं म्हणणं त्यांच्या नावाने लिहून ठेवावं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

या नोंदींना गावातच एक जागा आहे. 2002 च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोकांच्या मदतीने लोक जैवविविधता नोंदवही तयार करायला हवी. अनेक गावांत ही वही एकदाच भरून कपाटात गेलीय. शेतीची पिकं, गुरं, मासे असतात तिच्यात, पण सडा म्हटलं की पान कोरं. आपल्या पंचायतीत जाऊन ती वही बघायला मागा. ती बघायचा गावकऱ्यांना हक्क आहे, आणि तिच्यात भर घालता येते. उद्या एखाद्या गट नंबरवर खाण मागितली गेली, तर तिथे ऑगस्टात काय फुलतं हे सांगायला हा कागद ग्रामसभेच्या हातात असेल. मी आमच्या सड्याचे फोटो वाडीवार लावून, तारखा घालून समितीकडे द्यायला सुरुवात केलीय.

पावसाळ्यातल्या नोंदी बऱ्या जमल्यात. ऑक्टोबर ते मे यांचं पान अजून रिकामं आहे. गवत वाळल्यावर बी खायला कोणती पाखरं येतात, वणव्यानंतर पहिलं काय उगवतं, माघात कुठल्या डबक्यात पाणी उरतं, हे राजापूर, लांजा, देवगडाकडच्या कुणी टिपलं असेल तर मला हवंय. अंधूक असलं तरी चालेल. वाडीचं नाव आणि तारीख मात्र लिहा.