'वाढ' नक्की कुणाची? अमेरिकेतला सॉकर, चाहते आणि मोजणीचा घोळ

तुमच्या संशोधन प्रस्तावाच्या शीर्षकात 'वाढ', 'वाढता प्रभाव' असं काही आहे का? असेल तर पुढचं नीट वाचा, कारण माझ्या शीर्षकातही होतं. 'अमेरिकेतील सॉकर चाहत्यांची वाढ' असं भारदस्त नाव देऊन मी पहिला मसुदा गाईडना पाठवला. परत आला तेव्हा पहिल्याच पानावर पेन्सिलने दोन प्रश्न लिहिलेले होते : कुणाची वाढ? आणि हे लोक आधी कुठे होते? पुढच्या पानांवर एक रेघही नाही. त्या दिवशी भयंकर राग आला. पण त्या दोन प्रश्नांची उत्तरं शोधता शोधता माझा अख्खा विषयच उलटा झाला. तो कसा, ते सांगते.

आधी शब्दाचं मिटवून टाकू. 'सॉकर' म्हटलं की आपल्याकडे लोक नाकं मुरडतात, अमेरिकन लोकांनी फुटबॉलचं नाव बिघडवलं म्हणतात. प्रत्यक्षात हा शब्द इंग्लंडचाच. 'असोसिएशन फुटबॉल'मधल्या 'असोसिएशन'चं तिथल्या विद्यार्थ्यांनी केलेलं लाडाचं रूप. अमेरिकेत फुटबॉल म्हणजे वेगळाच खेळ, म्हणून तिथे सॉकर टिकला. मीही इथे तोच वापरणार आहे.

आता नेहमीची गोष्ट. कुठल्याही लेखात ती अशीच भेटते : १९७५ मध्ये पेले न्यूयॉर्कच्या कॉसमॉसकडे आला, थोडी वर्षं धमाल झाली, १९८४च्या हंगामानंतर ती लीग बुडाली. १९९४ला वर्ल्ड कप झाला. ५२ सामने, एकूण ३५ लाखांवर प्रेक्षक, सामन्यामागे सरासरी जवळपास ६९ हजार. यजमानपद मिळवताना देशात पहिल्या दर्जाची लीग काढू असं कबूल केलं होतं, त्यातून १९९६ला मेजर लीग सॉकर, म्हणजे एमएलएस, सुरू झाली. दहा संघ. २००७ला बेकहॅम आला, २०२३ला मेस्सी आला, २०२५मध्ये संघ तीस झाले. रेषा डावीकडून उजवीकडे वर चढत जाते. छान दिसते. माझ्या मसुद्यातही हीच रेषा होती, रंगीत.

या रेषेत न बसणारे दोन सामने बघू.

१५ फेब्रुवारी १९९८. लॉस एंजेलिसचं कोलिझियम स्टेडियम, गोल्ड कपची फायनल, अमेरिका विरुद्ध मेक्सिको. प्रेक्षक ९१,२५५. आणि त्यातले बहुतेक सगळे मेक्सिकोच्या बाजूचे. अमेरिकेचं राष्ट्रगीत सुरू असताना शिट्ट्या, खेळाडूंवर पेले आणि बाटल्या. मेक्सिको १-० ने जिंकलं. अमेरिकेचा संघ स्वतःच्या देशात पाहुणा ठरला.

तीन वर्षांनी, २८ फेब्रुवारी २००१ला, याच दोन संघांचा वर्ल्ड कप पात्रतेचा सामना होता. अमेरिकन फेडरेशनने जागा निवडली ओहायो राज्यातलं कोलंबस. भर हिवाळ्यात, गोठणबिंदूच्या खालच्या थंडीत, चोवीस-पंचवीस हजारांच्या छोट्या स्टेडियममध्ये. तिकिटांचे पैसे बुडाले तरी चालतील, पण गर्दी 'आपली' हवी. अमेरिका २-० ने जिंकली. पुढे २००५, २००९ आणि २०१३ला पात्रतेचा सामना पुन्हा कोलंबसलाच, आणि निकाल प्रत्येक वेळी तोच, २-०. 'दोस आ सेरो' ही अमेरिकन चाहत्यांची आरोळीच झाली. गंमत बघा, मेक्सिकोला चिडवायची आरोळी, आणि तीही स्पॅनिशमध्ये.

आता मला सांगा, तुम्ही अमेरिकेतले सॉकर चाहते मोजताय, तर यातला कुठला सामना हिशोबात धराल? दुसरा सहज धरला जातो. पहिल्यातली गर्दी चौपटीला थोडी कमी, तीसुद्धा अमेरिकेतच, त्यातले कितीतरी लोक त्याच शहरात राहणारे, तिथेच कर भरणारे. पण 'अमेरिकेत सॉकर रुजला का' या प्रश्नाच्या उत्तरात ते ९१ हजार लोक बहुतेक वेळा येतच नाहीत. ते 'मेक्सिकोचे' म्हणून वजा होतात.

नेटच्या पेपर एकसाठी आपण 'कार्यात्मक व्याख्या' पाठ करतो ना, तीच ही. संकल्पना मोजता येईल अशा रूपात मांडणे, दोन गुण, संपलं. पण 'चाहता' या शब्दाची व्याख्या करताना तुम्ही कुणाला तरी दाराबाहेर उभं करत असता, हे काही त्या दोन गुणांत येत नाही.

या विषयात पहिल्यांदा हातात पडतं ते आंद्रेई मार्कोविट्स आणि स्टीव्हन हेलरमन यांचं २००१चं 'ऑफसाइड' हे पुस्तक. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा की प्रत्येक देशाच्या मनात खेळासाठी मर्यादित जागा असते, आणि ती साधारण १८७० ते १९३० या काळात, उद्योग आणि शहरं वाढत असताना, भरली जाते. अमेरिकेत ती बेसबॉल, अमेरिकन फुटबॉल आणि त्यांच्या मागोमाग बास्केटबॉल, आइस हॉकी यांनी भरली. सॉकर पोचेपर्यंत डबा फुल्ल. दुसरा मुद्दा त्याहून कामाचा आहे : खेळणं वेगळं आणि खेळाची संस्कृती असणं वेगळं. लाखो मुलं शनिवारी सकाळी सॉकर खेळतात, आया गाडीतून पोचवतात. १९९६च्या निवडणुकीत 'सॉकर मॉम' हा मतदारांचा एक प्रकारच ठरला होता. पण सोमवारी ऑफिसात त्याच आया नि बाप बोलतात ते दुसऱ्याच खेळाबद्दल. संस्कृती ही सोमवारी दिसते.

पुस्तक पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी भारावून गेले होते, आणि तिथेच फसले. कारण मग मी १९२०च्या दशकातली कागदपत्रं उघडली. मॅसॅच्युसेट्समधलं फॉल रिव्हर हे कापडगिरण्यांचं गाव. लँकेशायरहून, स्कॉटलंडहून, पोर्तुगालहून आलेले कामगार. तिथे, तसंच पेनसिल्व्हेनियात बेथलेहेम स्टीलच्या कारखान्यात, व्यावसायिक संघ होते. १९२१ला अमेरिकन सॉकर लीग सुरू झाली आणि स्कॉटलंडमधले चांगले खेळाडू तिकडे ओढले जायला लागले. १ मे १९२६ला व्हिएन्नाचा हाकोआ हा ज्यू क्लब न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर खेळला तेव्हा ४६ हजार लोक आले. १९३०च्या पहिल्या वर्ल्ड कपात अमेरिका उपांत्य फेरीत होती. मग लीग आणि फेडरेशन यांच्यात जुंपलेलं भांडण, त्यावर महामंदी, गिरण्या बंद, आणि १९३३पर्यंत लीग संपली.

मार्कोविट्स-हेलरमन हे सगळं नाकारत नाहीत, उलट तपशिलात देतात. त्यांचं म्हणणं इतकंच की हा खेळ स्थलांतरितांचा म्हणून ओळखला गेला, मुख्य प्रवाहात आला नाही. मान्य. पण 'मुख्य प्रवाह' हा निष्कर्ष आहे की गृहीतक? फॉल रिव्हरच्या गिरणी कामगाराला बाहेर ठेवूनच तो प्रवाह आखला असेल, तर तो त्यात नाही हे सांगून आपण नवीन काय सांगितलं? माझं मत विचाराल तर पुस्तक अजूनही वाचायलाच हवं, फक्त त्यातली सीमारेषा कुणी काढली हे विचारत वाचायचं.

मी मूळची कोल्हापूरची, म्हणून हे मला जरा लवकर टोचलं असेल. २०१४ला आयएसएल सुरू झाली तेव्हा 'आता महाराष्ट्रात फुटबॉल रुजतोय' असं कुणी म्हटलं असतं, तर शाहू स्टेडियममध्ये आपल्या तालमीच्या टीमसाठी घसा फोडणाऱ्या पेठेतल्या माणसाने त्याला चहा पाजून घरी पाठवलं असतं.

बरं, आकडेवारीकडे येऊ. गॅलपने २०१७च्या शेवटी विचारलं होतं, तुमचा बघायला सर्वात आवडता खेळ कोणता. अमेरिकन फुटबॉल ३७ टक्के, बास्केटबॉल ११, बेसबॉल ९, सॉकर ७. बातम्या झाल्या की सॉकर बेसबॉलच्या मानगुटीवर बसला. आता प्रश्न पुन्हा वाचा. 'सर्वात' आवडता, म्हणजे एकच. ज्याच्या घरी चार खेळ बघितले जातात तो इथे एकाच रकान्यात पडतो. प्रश्न चुकीचा नाही, पण तो पसंतीचा क्रम मोजतो, चाहत्यांची संख्या नाही.

टीव्हीचं आणखी मजेदार. २०१४च्या वर्ल्ड कपात अमेरिका-पोर्तुगाल सामना ईएसपीएनवर सुमारे १ कोटी ८२ लाख लोकांनी बघितला. त्याच वेळी स्पॅनिश वाहिनी युनिव्हिजनवर आणखी ६५ लाख. कुणी फक्त पहिला आकडा देतं, कुणी बेरीज. तुमच्या स्रोताने काय केलंय हे तळटीपेत शोधल्याशिवाय दोन वर्षांची तुलना करू नका, नाहीतर 'वाढ' निघेल ती स्पॅनिश बोलणाऱ्यांना मोजायला लागल्याची. इतकी वर्षं अमेरिकन टीव्हीवर सर्वात जास्त बघितली जाणारी सॉकर लीग मेक्सिकोची होती, इंग्लंडचीही नाही आणि अमेरिकेची तर नाहीच.

बायकांचा सॉकर घेतला तर रेषा आणखी विस्कटते. १९९९च्या महिला वर्ल्ड कपची फायनल बघायला रोझ बोलमध्ये ९०,१८५ लोक. २००१ला महिलांची लीग निघाली, २००३ला बंद पडली. मग ते ९० हजार गेले कुठे? कुठेच नाही. २०१५ची फायनल फॉक्सवर २ कोटी ५४ लाखांनी बघितली. चार वर्षांतून एकदा देशासाठी ओरडणं आणि दर शनिवारी गावातल्या क्लबसाठी पावसात बसणं या दोन वेगळ्या सवयी आहेत. दुसरी सवय लागायला जवळ क्लब लागतो, आणि तो पाच-दहा वर्षं टिकावा लागतो. सध्याची लीग २०१३पासून टिकली आहे. २०२४ला कॅन्सस सिटीत खास महिला संघासाठी बांधलेलं स्टेडियम उघडलं.

आता पोर्टलंड, माझं आवडतं उदाहरण. एमएलएसचा तक्ता बघितला तर २०११ला पोर्टलंड टिंबर्स येतात आणि उत्तरेच्या स्टँडमध्ये 'टिंबर्स आर्मी' नावाची हजारोंची फौज अचानक उगवते. दोन वर्षं आधी सिअ‍ॅटलचंही तसंच, पहिल्याच हंगामात सरासरी ३० हजारांवर प्रेक्षक. जादूच वाटते. पण टिंबर्स आर्मीची सुरुवात २००१ची, क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये असतानाची. आणि टिंबर्स हे नाव १९७५चं, पेलेच्या काळातल्या लीगमधलं. म्हणजे २०११ला वाढलं ते काय? आधीपासून उभ्या असलेल्या लोकांवर एमएलएसचा शिक्का बसला.

त्यांची संस्कृती कळायची असेल तर २३ ऑगस्ट २०१९चा पोर्टलंड-सिअ‍ॅटल सामना बघा. लीगने त्या वर्षी राजकीय चिन्हांवर बंदी घातली होती आणि त्यात 'आयर्न फ्रंट'चे तीन बाणही आले. हे १९३०च्या दशकातल्या जर्मनीतल्या नाझीविरोधी संघटनेचं चिन्ह. नाझींनी तिच्यावर १९३३ला बंदी घातली होती. म्हणून दोन्ही क्लबांच्या चाहत्यांनी, एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्यांनी, पहिली ३३ मिनिटं ढोल नाही, गाणं नाही, काही नाही. चौतिसाव्या मिनिटाला सगळं स्टेडियम फुटलं. पुढच्याच महिन्यात लीगने त्या चिन्हावरची बंदी मागे घेतली. हजेरीच्या तक्त्यात या सामन्याचा आकडा इतर सामन्यांसारखाच दिसतो. ती ३३ मिनिटं कुठल्याच रकान्यात नाहीत, त्यासाठी तिथे बसलेलं असावं लागतं. क्षेत्रकार्य का करायचं असा प्रश्न व्हायव्हात आला तर हे उदाहरण खुशाल वापरा.

आणि शेवटी पुन्हा लॉस एंजेलिस. १९९८ची ती गर्दी लीगच्याही लक्षात होतीच. २००५ला ग्वादलाहाराच्या प्रसिद्ध चिवास क्लबच्या नावाने 'चिवास यूएसए' हा संघ उतरवला. हिशोब सरळ होता : मेक्सिकन चाहते आहेत, मेक्सिकन नाव देऊ, येतील. नाही आले. ज्यांना चिवास आवडायचा त्यांच्यासाठी खरा चिवास टीव्हीवर होता, आणि ज्यांना दुसरा मेक्सिकन क्लब आवडायचा ते चिवासच्या नावाकडे कशाला फिरकतील? आपल्याकडे एका पेठेच्या माणसाला दुसऱ्या पेठेच्या तालमीचा टी-शर्ट दिल्यासारखं. २०१४ला संघ बंद झाला. त्याच शहरात २०१८ला एलएएफसी आला, आणि त्याने मैदानावर उतरण्याआधी चाहत्यांचे गट हाताशी धरले. उत्तरेचा उभ्याने बघायचा स्टँड त्यांचा, जागा ३,२५२. आकडे जोडा, बारा होतात, बारावा खेळाडू. तिथे ढोल लॅटिन अमेरिकन वळणाचे, गाणी अर्धी स्पॅनिश अर्धी इंग्रजी.

हे स्टेडियम कुठे आहे माहितीय? कोलिझियमच्या शेजारी. जिथे १९९८ला ९१ हजार लोक 'परके' म्हणून वजा झाले, तिथून चालत काही मिनिटांवर. एमएलएसच्या तक्त्यात हे २०१८चे नवीन चाहते आहेत.

माझ्या नव्या मसुद्याच्या शीर्षकात 'वाढ' नाही. मुलाखतीच्या प्रश्नावलीत 'तुम्ही सॉकर कधीपासून बघता?' हा पहिला प्रश्न होता, तो खोडलाय. त्या जागी लिहिलंय : तुमच्या घरात कुणाचा सामना लागायचा, आणि १९९८च्या त्या दिवशी घरातलं कोण कुठे होतं?