फोल्डर आहे, पण सापडत नाही

संगणकावर काहीही न बसवता, नुसता ब्राउझर उघडून प्रोग्रॅम लिहिता येतो, ही सोय आता विद्यार्थ्यांच्या अंगवळणी पडली आहे. गूगलचं कोलॅब २०१७ साली सर्वांसाठी खुलं झालं. तिथे लिहिलेला प्रोग्रॅम आपल्या टेबलावरच्या संगणकावर चालत नाही. तो चालतो दूरच्या, तात्पुरत्या मिळालेल्या यंत्रावर. हे ध्यानात घेतलं की फोल्डरच्या निम्म्या तक्रारी मिटतात, असा माझा अनुभव आहे.

हे यंत्र म्हणजे धर्मशाळेतली खोली. फुकट वापरात मुक्काम फार तर १२ तासांचा. काही हालचाल नसेल तर त्याआधीच संपतो. मुक्काम संपला की तिथल्या फाइली पुसल्या जातात. म्हणून कामाच्या फाइली गूगल ड्राइव्हमध्ये ठेवायच्या आणि तो ड्राइव्ह यंत्राला जोडून घ्यायचा.

मग मला हमखास विचारला जाणारा प्रश्न येतो: 'सरांनी पाठवलेला फोल्डर मला दिसतो, मग प्रोग्रॅमला का सापडत नाही?' त्याचं असं आहे, दुसऱ्यानं दिलेला फोल्डर 'शेअर्ड विथ मी' या यादीत असतो आणि ही यादी जोडलेल्या ड्राइव्हमध्ये थेट येत नाही. उपाय सोपा आहे. त्या फोल्डरचा शॉर्टकट 'माय ड्राइव्ह'मध्ये ठेवायचा. शॉर्टकट म्हणजे प्रत नव्हे, मूळ दाराकडे नेणारी पाटी. मालकानं फक्त वाचायची परवानगी दिली असेल, तर तिथे लिहिता येणार नाही. आपले निकाल आपल्याच फोल्डरमध्ये साठवावेत.

एकाच फोल्डरमध्ये हजारो फाइली कोंबल्या, तर कधीकधी यादी वाचता वाचताच वेळ संपतो. अशा वेळी त्या उपफोल्डरांत वाटाव्यात, किंवा सगळ्यांची एक झिप फाइल यंत्रावर आणून तिथे उघडावी.

मात्र अडचण दूर करण्याच्या घाईत दार सताड उघडं टाकू नये. 'दुवा असलेला कोणीही बदल करू शकेल' अशी मुभा दिली, की तो दुवा ज्याच्या हाती पडेल त्याला तुमच्या फाइली बदलता येतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, ड्राइव्ह जोडताना विचारली जाणारी परवानगी एका फोल्डरपुरती नसते. त्या नोटबुकमधला प्रोग्रॅम तुमच्या ड्राइव्हमधल्या इतर फाइलीही वाचू शकतो, बदलू शकतो, पुसू शकतो. नोटबुक अनोळखी माणसाचं असेल तर आधी ओळ न् ओळ वाचावी. समजलं नाही, तर ड्राइव्ह जोडूच नये. लागेल तेवढी फाइल यंत्रावर चढवून काम भागवावं. एक कपाट उघडायचं म्हणून परक्याच्या हाती किल्ल्यांचा सगळा जुडगा आपण देत नाही, तसंच हे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)