चेन आहे, पण उघडायची नाही

घर आणि आग : भाग सातवा

गेल्या आठवड्यात आपण गॅसच्या नळीपाशी थांबलो होतो. आज स्वयंपाकघरातून निजायच्या खोलीत येऊ.

जबलपूरच्या राइट टाउनमधल्या आमच्या शेजारच्या काकूंनी दिवाळीआधी नवी गादी मागवली. हवा काढून, गुंडाळून, खोक्यातून आलेली. खोकं उघडलं आणि तासाभरात ती फुगून पलंगभर झाली. खोळीला चारी बाजूंनी चेन होती. नव्या वस्तूचा वास जावा म्हणून खोळ धुऊन टाकावी, असं त्यांच्या मनात आलं. चेन चार बोटं उघडली आणि आत शिवलेली पट्टी दिसली: आवरण काढू नये. काकू तशाच आमच्याकडे आल्या. "चेन दिली आहे, मग उघडायची का नाही?" त्यांची काळजी उगाच नव्हती. त्यांची भाची न्यू जर्सीला असते. तिने दोन वर्षांपूर्वी अशीच खोळ काढून यंत्रात धुतली होती. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या अंगाला खाज, मुलाच्या कोपराच्या खळीत पुरळ, आणि उन्हाच्या तिरिपेत घरभर चमचमणारी कूस. ती काचेची होती.

आपल्याकडच्या गादीवर अशी पट्टी असण्याचं कारण बहुधा साधं असतं. उघड्या फोमला ऊन आणि हाताळणी सोसत नाही. तो पिवळा पडतो आणि त्याचा भुगा होतो. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बऱ्याच स्वस्त फोमच्या गाद्यांत मात्र बाहेरच्या खोळीखाली पायमोज्यासारखं विणलेलं दुसरं आवरण असतं, आणि त्या विणीत काचेचे तंतू असतात. हे आवरण तिथे का आलं ते कळल्याशिवाय भाचीच्या घरची खाज कळायची नाही.

पलंगावर विडी-सिगारेट पडली तर गादी पेट घेते का, याची चाचणी अमेरिकेने 1973 पासून सक्तीची केली. पण सिगारेट धुमसते, तिला ज्योत नसते. काडी, मेणबत्ती, पेटलेली चादर यांचं काय? त्यासाठी 1 जुलै 2007 पासून दुसरा नियम लागू झाला. त्यात गादीच्या वरच्या अंगावर 70 सेकंद आणि बाजूला 50 सेकंद गॅसची ज्योत धरतात. नंतर अर्धा तास पाहतात. त्या अर्ध्या तासात गादीतून बाहेर पडणाऱ्या उष्णतेचा जोर कोणत्याही क्षणी 200 किलोवॉटच्या वर जाता कामा नये. आपल्या न्हाणीघरातला गीझर साधारण 2 किलोवॉटचा असतो, म्हणजे एका खोलीत असे शंभर गीझर एकदम चालू असावेत, इतकी ती मर्यादा. आकडा मोठा वाटतो, पण उघडा फोम नीट पेटला की तो सहज ओलांडतो. म्हणून ही मर्यादा.

कारखानदारापुढे तेव्हा दोन वाटा होत्या. एक, फोममध्येच आग दाबणारी रसायनं मिसळायची. या वाटेचा इतिहास चांगला नाही. मुलांच्या रात्रीच्या कपड्यांत वापरलेलं 'ट्रिस' हे ब्रोमीनयुक्त रसायन अमेरिकेने 1977 मध्ये बंद केलं, कारण ते कर्करोगाला निमित्त होण्याची भीती होती. फोममध्ये वर्षानुवर्षं मिसळलेली ब्रोमीनची दुसरी काही संयुगं धुळीतून माणसाच्या रक्तात आणि आईच्या दुधात पोचलेली आढळली. 2009 मध्ये ती स्टॉकहोम कराराच्या बंदीयादीत गेली. भारताने 2020 मध्ये त्या यादीतल्या ज्या सात रसायनांबाबत करार मान्य केला, त्यांतही आग दाबणारी रसायनं आहेत.

दुसरी वाट अडसराची. फोम तसाच ठेवायचा, पण त्याच्याभोवती न जळणारं कवच घालायचं. लोकर चालते, सिलिका घातलेला रेयॉन चालतो. काचेचा तंतू सर्वांत स्वस्त, आणि कामही चोख करतो. ज्योत लागली की विणीतले बाकीचे धागे जळून कोळसा होतात आणि तो कोळसा काचेच्या जाळीत अडकून बसतो. गादीभोवती काळं कवच तयार होतं. बाहेरची ज्योत आत जात नाही, आणि तापलेल्या फोमची वाफ भसकन बाहेर येऊन पेटत नाही. माणसाला उठायला, लेकरू उचलायला, दार गाठायला वेळ मिळतो. या काचेने जीव वाचवले आहेत हे आधी मान्य केलं पाहिजे.

दोष आहे तो तिच्या जागेत. धुवावी अशी खोळ आणि हलवू नये अशी काच यांच्यामध्ये फक्त एक चेन ठेवली. कॅलिफोर्नियाच्या आरोग्य खात्यातल्या संशोधकांनी 2022 मध्ये गाद्यांची चार नवी आवरणं तपासली. त्यांतल्या दोहोंच्या आतल्या थरात निम्म्याहून जास्त काच होती, आणि तिचे काही तुकडे शेजारच्या कापडातही सरकलेले होते. 2023 मध्ये त्या राज्याने कायदा केला: 1 जानेवारी 2027 पासून गाद्यांत आणि गादी लावलेल्या फर्निचरमध्ये काचेचा तंतू नको.

शरीराला किती धोका? इथे आवाज न चढवता बोललं पाहिजे. विणकामाचा काचतंतू सहसा इतका जाड असतो की तो फुप्फुसाच्या खोल कप्प्यांत पोचत नाही. तो आडवा तुटतो. ॲस्बेस्टॉससारखा उभा चिरत बारीक होत जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अशा अखंड काचतंतूला, कर्करोगाबाबत ठरवता येत नाही, या गटात ठेवलं आहे. म्हणून कर्करोगाच्या भीतीने झोप उडवून घेऊ नका. पण कातडी, डोळे आणि घसा यांना तो खरंच टोचतो, आणि दमेकऱ्याला किंवा रांगत्या मुलाला त्याचा त्रास मोठा होतो. एकदा पसरला की पंखा आणि केरसुणी त्याला घरभर नेतात. असं झालंच, तर पंखा बंद करून, तोंडाला मास्क लावून, ओल्या फडक्याने टिपून घ्यावं. ते कपडे घरच्या इतर कपड्यांत मिसळू नयेत.

आता काकूंच्या गादीकडे. उघडलेल्या त्या चार बोटांत आम्ही मोबाइलचा टॉर्च तिरका धरून पाहिलं. काच असती तर बारीक चमक दिसायला हवी होती. काहीच चमकलं नाही. पातळ पांढरं कापड आणि त्याखाली लगेच फोम. काकूंना हायसं वाटलं. मला मात्र तिथूनच काळजी सुरू झाली. काच नव्हती, पण लोकर नाही, रेयॉन नाही, कोणताच अडसर दिसत नव्हता.

फोम म्हणजे पॉलियुरेथेन. पॉलिऑल आणि आयसोसायनेट या दोन द्रव्यांच्या संयोगातून तो फुगतो. आयसोसायनेट म्हटलं की मध्य प्रदेशातल्या माणसाच्या मनात 1984 चं भोपाळ येतं. घराणं तेच, पण तयार फोममध्ये ते द्रव्य बांधलेलं असतं, त्यामुळे साध्या गादीवर निजण्यात तो धोका नाही. प्रश्न पेटल्यावरचा आहे. फोममध्ये आकारमानाने हवाच जास्त, म्हणून ज्योत त्यात झपाट्याने पसरते. तो वितळून ठिबकतो आणि पलंगाखाली पेटतं तळं होतं. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि हायड्रोजन सायनाइडही. पहिला रक्ताला प्राणवायू वाहू देत नाही, दुसरा पेशींना तो वापरू देत नाही. झोपलेल्या माणसाची खोकण्याआधीच शुद्ध हरपू शकते. मँचेस्टरच्या एका मोठ्या दुकानात 8 मे 1979 रोजी फोमच्या फर्निचरला आग लागून 10 माणसं गेली, आणि त्यानंतरच्या रेट्यातून ब्रिटनने 1988 मध्ये घरगुती फर्निचरसाठी कडक नियम केले.

मँचेस्टर लांबचं वाटत असेल तर भंडाऱ्याकडे पाहू. जबलपूर आणि भंडारा ही गावं 1956 पर्यंत एकाच प्रांतात होती. आजही आपल्यातल्या कित्येकांची सोयरीक तिकडची. 9 जानेवारी 2021 च्या मध्यरात्रीनंतर तिथल्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. 17 बाळं होती. 7 वाचली, 10 गेली. चौकशीनंतर जे सांगण्यात आलं ते असं की, बाळाला ऊब देणाऱ्या वॉर्मरच्या पॅनेलमध्ये ठिणगी उडाली आणि बाळाखालची छोटी गादी व आसपासचं प्लास्टिक पेटलं. दहांपैकी तिघं भाजून आणि सात जण गुदमरून गेल्याचं तेव्हा जाहीर झालं. हा हिशेब मला विसरता येत नाही. हातभर लांबीची गादी, आणि धुराने नेलेली बाळं ज्वाळेने नेलेल्यांच्या दुपटीहून जास्त. दीड वर्षाने, 1 ऑगस्ट 2022 ला, आपल्याच दमोह नाक्याजवळच्या एका खासगी रुग्णालयात आग लागली आणि 8 जण गेले. तिथे सुरुवात विजेच्या बिघाडाने झाली, आणि बाहेर पडायची वाट एकच होती, तीही आगीने अडवलेली.

अशा घटनांनंतर रुग्णालयं आणि हॉटेलं यांच्याकडे सरकारचं लक्ष जातं, ते योग्यच आहे. 2023 मध्ये केंद्राने गादी-कापड लावलेल्या फर्निचरच्या पेट घेण्याबद्दल गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. त्यामागचं मानक आयएस 15768. पण मानकाच्या नावातच लिहिलं आहे: घरगुती नसलेलं फर्निचर. म्हणजे कचेरीतल्या सोफ्याला हा प्रश्न विचारला जातो; आपण आयुष्याचा तिसरा हिस्सा ज्यावर पाठ टेकतो त्या घरच्या गादीला विचारला जात नाही. दुकानात गादीवर घनता लिहिलेली असते, वॉरंटीची वर्षं असतात, पाठदुखीबद्दल दावे असतात. पेटवून पाहिली तर काय झालं, हे लिहिलेली गादी मी जबलपूरच्या बाजारात अजून पाहिलेली नाही.

मग जुनी कापसाचीच बरी, असं अनेकजण म्हणतील. आमच्या लहानपणी पिंजारी धनुकली घेऊन दारात यायचा, अंगणभर कापूस उडायचा आणि दबलेल्या गादीत पुन्हा जीव यायचा. त्या गादीबद्दल मला माया आहे. पण कापूस आगीला निर्धोक नाही. त्याचा भडका सावकाश होतो, पण ठिणगी आत शिरली की तो तासन्‌तास धुमसतो. वरून तांब्याभर पाणी ओतून विझली असं समजून माणसं पुन्हा झोपतात आणि पहाटे खोली धुराने भरते. अशी गादी शक्य तर लगेच अंगणात न्यावी, फाडावी आणि आतपर्यंत भिजवावी. फोमचं उलट. पेटलेली फोमची गादी ओढत दारापर्यंत नेऊ नये, वाटेत तीच दार अडवते. माणसं बाहेर काढावीत, वाकून, जमिनीलगत चालत. जाताना खोलीचं दार ओढून घ्यावं आणि मग 101 किंवा 112 लावावा.

खरा बचाव मात्र ठिणगीपासूनचं अंतर. पौषात जबलपूरची थंडी हाडात शिरते, आणि रांझीपासून गढ्यापर्यंत घरोघरी पलंगाशी हीटर नाही तर शेगडी येते. बंद खोलीतली शेगडी तर गादी न पेटवताही कार्बन मोनॉक्साइडने जीव घेते. मच्छर अगरबत्ती पलंगाच्या कडेला, मोबाइल उशीखाली चार्जिंगला, हे रोजचं झालं आहे. हीटर गादी-रजईपासून मीटरभर तरी लांब हवा आणि झोपण्याआधी बंद हवा. अगरबत्ती पत्र्याच्या ताटलीत, मोकळ्या फरशीवर. चार्जर टेबलावर. आणि छताला लावायचं, बॅटरीवर चालणारं धुराचं सूचक यंत्र निजायच्या खोलीत जरूर लावा. गादीच्या किमतीपुढे त्याची किंमत फार नाही, आणि झोपेत नाकापेक्षा कान भरवशाचा.

काकूंनी चेन लावून टाकली. वरून धुता येईल अशी सुती खोळ शिवून घेतली. हीटर दाराशी सरकवला. मग त्यांनी कंपनीला एक पत्र लिहिलं, मी फक्त शुद्धलेखन पाहिलं. त्यात तीनच प्रश्न आहेत: आतल्या आवरणात काय आहे, फोममध्ये आग दाबणारं कोणतं रसायन मिसळलं आहे, आणि ही गादी कधी ज्योतीवर धरून पाहिली आहे का. हे लिहीपर्यंत उत्तर आलेलं नाही. आलं की या लेखमालेत देईन. तुम्हीही आपापल्या गादीच्या कंपनीला हेच विचारा आणि उत्तर मला कळवा.

पुढच्या आठवड्यात: पलंगाखाली ठेवलेला इन्व्हर्टर.