लाल तो थंड, निळा तो तापलेला

परतवाड्याजवळ मामाच्या हरभऱ्याला ओलित सुरू होतं. शेतीची लाइन रात्रीची, त्यामुळे मामा बॅटरी घेऊन धुऱ्यावर आणि मी नुसता सोबतीला. स्प्रिंकलरचे पाइप हलवून झाल्यावर त्यानं मान वर केली. "तो पाह्य, डोक्यावर. लाल हाय ना? रोहिनी."

लाल कसला, विझत आलेल्या निखाऱ्यासारखा तांबूस. पण एकदा दिसला की तो रंग डोळ्यांसमोरून जात नाही. रोहिणी हे नावही या तांबूसपणावरूनच आलेलं.

जानेवारीच्या मध्यात रात्री ९ च्या सुमारास रोहिणी जवळपास माथ्यावर असते आणि तिच्या आग्नेयेला मृग. मिरग म्हटलं की वऱ्हाडात पेरणी आठवते. पण जूनच्या ७-८ तारखेला मिरग लागतो तेव्हा सूर्यच त्या नक्षत्रात असतो, त्यामुळे ते दिसतच नाही. मृग पाहायचा तो हिवाळ्यातच. त्याच्या पोटातल्या तीन ताऱ्यांच्या तिकांड्याच्या डावीकडे नारिंगी काक्षी, उजवीकडे निळसर पांढरा राजन्य. नजर या दोघांवर आलटूनपालटून टाका, फरक लगेच कळतो. एकेकट्या ताऱ्याचा रंग डोळा सहसा कबूल करत नाही.

लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल होतं, मग पिवळं, मग पांढरं. ताऱ्यांचंही तेच. काक्षीचा पृष्ठभाग साधारण ३,५०० केल्विन, रोहिणीचा ३,९००, आपल्या सूर्याचा ५,८००, राजन्यचा सुमारे १२,०००. बाथरूममधल्या नळावरची लाल-निळी खूण इथं अगदी उलटी लागू पडते. हिरवा तारा मात्र शोधू नका. सूर्याचा प्रकाश हिरव्याच्या आसपासच सर्वाधिक, पण बाकीचे रंग त्यात मिसळतात आणि डोळ्याला पांढराच दिसतो. व्याध क्षितिजाजवळ असताना लाल-हिरवा चमकतो, ती करामत आपल्या हवेची.

अंधाराबद्दल एक गैरसमज आहे: जितका काळोख, तितके ताऱ्यांचे रंग जास्त. पण मंद उजेडात डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात, त्यांना रंग कळत नाही. म्हणून चिखलदऱ्याला तारे अगणित दिसले, तरी बहुतेक पांढरेच. आकाशगंगा पाहायची तर तिथं जा, किंवा २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरलेल्या पेंचला. रंग मात्र ठळक ताऱ्यांचेच दिसतात आणि त्यासाठी अमरावतीत राजापेठेतली किंवा अकोल्यात जठारपेठेतली गच्ची पुरते. साधी दुर्बीण असेल तर फोकस मुद्दाम थोडा बिघडवा. ठिपक्याची चकती होते आणि रंग उघड होतो.

लाइन पहाटेपर्यंत असेल, तर साडेपाचला आग्नेयेकडे पाहा. तिथं ज्येष्ठा उगवून वर आलेली असते, काक्षीसारखीच तांबूस.