विश्लेषण : चहाच्या कागदी कपाला लाकडाचाच लेप देता येईल का?

कागद पाणी शोषतो, तरी कागदी कपातला गरम चहा बाहेर झिरपत नाही. कारण कपाच्या आत पॉलिएथिलीन या प्लास्टिकचा अतिशय पातळ थर असतो. अडचण हाच थर करतो. रद्दीचा पुन्हा कागद करताना ती पाण्यात घुसळून लगदा करतात. प्लास्टिकला चिकटलेला कागद त्यात सहज सुटत नाही. महाराष्ट्राने जुलै २०२२ मध्ये प्लास्टिकचे अस्तर असलेले कप आणि ताटल्याही बंदीच्या यादीत घातल्या.

म्हणून कागद ज्यापासून बनतो, त्या लाकडातूनच लेप काढण्याचे प्रयत्न सुरू आहेत.

सूक्ष्मतंतूंचा लेप

लगद्यातले सेल्युलोजचे तंतू यंत्रात दाबाखाली फाडत गेले, की केसाच्या हजारपट बारीक तंतू मिळतात. १९७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील आयटीटी रेयोनियर कंपनीच्या संशोधकांनी हे करून दाखवले. हा पदार्थ घट्ट खळीसारखा दिसतो. तो पुठ्ठ्यावर पसरून वाळवला, की तंतू एकमेकांना इतके बिलगतात की तेल आणि ऑक्सिजन यांना वाट मिळत नाही.

मग अडले कुठे?

पाण्यापाशी, तेही दोनदा. या खळीत तंतू जेमतेम दोन टक्के असतील, तर एक किलो कोरड्या लेपासाठी ४९ किलो पाणी उडवावे लागते. तेवढी उष्णता लागते, आणि ओला पुठ्ठा वाकडा होतो तो वेगळाच. शिवाय सेल्युलोजला पाण्याची ओढ असते. दमट हवेत तंतू फुगतात, फटी पडतात आणि ऑक्सिजन आत शिरतो. मुंबईच्या पावसाळ्यात असे पाकीट किती टिकेल, हा प्रश्न उरतोच. लाकडातलेच लिग्निन पाण्याला दूर ठेवते. पण ते तपकिरी असते आणि कागद गिरण्या ते जाळून वाफ व वीज मिळवतात.

‘लाकडापासून’ म्हणजे प्लास्टिकमुक्त?

नाही, आणि इथेच ग्राहक फसू शकतो. चीड-पाइनचा लगदा करताना टॉल ऑइल नावाचे तेल निघते. फिनलंडची यूपीएम कंपनी त्यापासून नॅफ्था बनवते आणि त्यातून पॉलिएथिलीन तयार होते. कच्चा माल खनिज तेलाचा नाही, ही जमेची बाजू. पण तयार थर रासायनिकदृष्ट्या नेहमीचेच प्लास्टिक असतो आणि लगद्यातही तसाच अडतो. युरोपीय संघाच्या २०१९च्या एकल-वापर प्लास्टिक नियमांतही तो प्लास्टिकच ठरतो. रासायनिक बदल न केलेल्या नैसर्गिक बहुवारिकांना मात्र तिथे सूट आहे.

त्यामुळे सूक्ष्मतंतूंचा लेप आधी तेलकट खाऊच्या वेष्टनांना शोभतो. चहाच्या कपाचे काम कठीण आहे. कपाची उभी शिवण प्लास्टिक वितळवूनच चिकटवलेली असते, आणि सेल्युलोज तापवले तर वितळत नाही, करपते.