तारेतला वेग कुठे अडतो?

समजा, कोळगावातील एका घरात दोन संगणक तारेने राउटरला जोडले आहेत. एकावरून दुसऱ्यावर १० गिगाबाइटची फाइल पाठवायला साधारण १३ मिनिटे लागतात. इंटरनेटची महाग योजना घेऊन वेळ वाचेल का? नाही. ही फाइल घराबाहेर जातच नाही!

आपण थोडे गणित करू. जोडणीचा वेग बिटमध्ये सांगतात, फाइल बाइटमध्ये मोजतात. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून सेकंदाला १०० मेगाबिट म्हणजे १२.५ मेगाबाइट. १०,००० भागिले १२.५ म्हणजे ८०० सेकंद, सुमारे १३ मिनिटे. अर्थात जोडणी १०० मेगाबिटवर चालली आहे.

असे का? केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १९९५ च्या १०० मेगाबिट मानकाला दोन जोड्या पुरतात. १९९९ च्या १००० मेगाबिट मानकाला चारही लागतात. उरलेल्या दोन जोड्यांतील एक तार जरी तुटली, तरी पुष्कळ उपकरणे गुपचूप १०० वर उतरतात. राउटर जुना असला तरी तेच.

विद्यार्थ्यांना एका वेळी एकच वस्तू बदलून वेळ मोजू द्यावा: आधी केबल, मग राउटर. वेळ ८० सेकंदांच्या जवळ आला, की दोष सापडला. मध्येच थांबला, तर हार्ड डिस्क तपासावी. साखळीचा वेग तिच्या सर्वांत मंद कडीइतकाच असतो.